ट्रिपलची लस आणि ताप

काहीजण म्हणतात की जन्मजात प्रतिकारशक्ती, म्हणजे कुठल्याही जंतूवर लगेच तुटून पडणारं शरीराचं पहिलं संरक्षण, ही टी आणि बी पेशी (ठरावीक जंतू ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) येईपर्यंत खिंड लढवणारी फौज. हे अर्धंच झालं. पुढची लढाई कशी लढायची, हेही बऱ्याच अंशी तीच ठरवते.

ट्रिपलचंच घ्या, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वातावरची लहान मुलांची लस. सरकारी दवाखान्यातल्या लशीत डांग्या खोकल्याचे मारलेले अख्खे जंतू असतात. त्यांच्या आवरणातलं लायपोपॉलिसॅकराइड (मेद आणि शर्करेचा रेणू) डेंड्रायटिक पेशीवरच्या, म्हणजे जन्मजात फौजेतल्या पहारेकरी पेशीवरच्या, टीएलआर-४ या जंतू ओळखणाऱ्या प्रथिनाला सापडतं. मग ती पेशी लसिका ग्रंथीत जाऊन टी पेशीला जंतूचा तुकडा दाखवते, वर 'हा धोका आहे' असा दुसरा संकेतही देते. हा संकेत नसेल तर टी पेशी बहुधा ढिम्म राहते. चार्ल्स जेनवे या अमेरिकी रोगप्रतिकारशास्त्रज्ञाने हा तर्क १९८९ मध्येच मांडला होता.

खाजगीतल्या 'पेनलेस' लशीत मोजकी शुद्ध प्रथिनं आणि ॲल्युमिनियमचा क्षार. ताप, मांडीची सूज कमी. पण टी पेशी टीएच-२ कडे झुकतात (टीएच-१, टीएच-२, टीएच-१७ हे मदतनीस टी पेशींचे प्रकार, प्रत्येकाची लढण्याची रीत वेगळी) आणि डांग्या खोकल्यापासूनचं संरक्षण लवकर ओसरतं. अख्ख्या जंतूंची लस टीएच-१ आणि टीएच-१७ कडे नेते.

अर्थात ताप आला नाही म्हणजे लस लागलीच नाही, असं अजिबात नाही. आज्यांना हे पटवणं कठीण!