मदत हवी आहे : स्ट्रेप्टोझोटोसिन दिल्यावर उंदीर दगावतात

रानवारा : मी एम. फार्म. (फार्माकॉलॉजी) दुसऱ्या वर्षाला असून प्रबंधासाठी एका वनस्पतीच्या अर्काचा मधुमेहावरील परिणाम तपासत आहे. स्ट्रेप्टोझोटोसिन (स्वादुपिंडातील बीटा पेशी नष्ट करणारे औषध) देऊन उंदरांत मधुमेह निर्माण करण्याचा प्रयत्न दोनदा केला आणि दोन्ही वेळा निम्मे उंदीर दगावले. प्रबंध सहा आठवड्यांत द्यायचा आहे. डोस किती कमी करावा, एवढेच कृपया लवकर सांगावे.

शेवंती : आत्ताचा डोस किती आहे? जात, वजन, औषध कशात विरघळवले आणि मृत्यू किती तासांनी झाले, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही.

रानवारा : हे नेहमीचेच असल्याने लिहिले नव्हते. विस्टार जातीचे नर, सुमारे २०० ग्रॅम, रात्रभर उपाशी. ६० मिग्रॅ प्रतिकिलो, सायट्रेट बफरमधून (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण), पोटात इंजेक्शन. दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजरे उघडले तेव्हा मेलेले आढळले.

डोहकाठ : बफरचा पीएच (आम्लतेचे माप) ४.५ होता का? हे औषध उदासीन द्रावणात टिकत नाही. बर्फावर ठेवून लगेच टोचावे लागते. दोष तिथेच असणार.

शेवंती : औषध विघटित झाले असते तर मधुमेहच झाला नसता, एका रात्रीत उंदीर गेले नसते. या औषधाने स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट होताना साठवलेले इन्सुलिन एकदम बाहेर पडते आणि काही तासांतच रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरते. उपाशी प्राणी त्यात तग धरत नाही. म्हणून इंजेक्शननंतर पहिले २४ तास तरी पिण्यासाठी ग्लुकोजचे पाणी ठेवतात. ते ठेवले होते का?

निळाई : त्यापेक्षा निकोटिनामाइड (ब जीवनसत्त्वाचा एक प्रकार) आधी द्यावे. माझा प्रबंध त्याच मॉडेलवर (प्राण्यांत रोग निर्माण करण्याच्या पद्धतीवर) झाला. बीटा पेशी अंशतः वाचतात, त्यामुळे मधुमेह सौम्य होतो आणि टाइप २ च्या अधिक जवळ जातो.

शेवंती : मॉडेल चांगले आहे, पण ते वेगळे आहे. प्रयोगाच्या मंजूर आराखड्यात (प्रोटोकॉलमध्ये) नसेल तर प्राणी नैतिकता समितीची परवानगी पुन्हा घ्यावी लागेल. डोस बदलण्यालाही हेच लागू आहे.

आभाळमाया : पुढे पीएच.डी. करणार असाल तर नायपर या औषधनिर्माणशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेच्या प्रवेश परीक्षेची तयारी आतापासूनच करावी, असे मी आग्रहाने सुचवेन.

रानवारा : पीएच.डी.चा विचार सध्या मनात नाही. साधेच पाणी ठेवले होते, आणि आमचे प्राणीगृह रात्री बंद असल्याने साखर थेट ७२ तासांनी मोजली. मंजूर संख्येतले आठच उंदीर उरले आहेत.

शेवंती : मग सगळ्यांना एकाच दिवशी टोचू नका. डोस तोच ठेवून आधी दोघांना सकाळी लवकर द्या, म्हणजे संध्याकाळपर्यंत शेपटीच्या रक्तातून साखर पाहता येईल. पाच किंवा दहा टक्के ग्लुकोजचे पाणी ठेवा आणि रात्री थांबण्याची परवानगी गाइडकडून लेखी घ्या. वाढीव प्राण्यांचा अर्जही आजच समितीकडे द्या, कारण आठ प्राण्यांत नियंत्रण, मधुमेही, प्रमाण औषध (तुलनेसाठीचे प्रचलित औषध) आणि अर्क हे चार गट उभे राहणार नाहीत. मेलेल्या उंदरांची नोंद मात्र प्रबंधातून वगळू नका.

रानवारा : अर्ज लिहायला घेतला आहे. दोघांचे आकडे परवा इथेच देतो.