मदत हवी आहे: सिंगापूरमध्ये सासू-सासऱ्यांजवळ रिसेल फ्लॅट, ग्रँटच्या ४ किमीचं काय?

नमस्कार मंडळी, सिंगापूरवाल्यांनी जरा वेळ काढून वाचा प्लीज.

नवरा सिटिझन, मी पीआर (कायम रहिवासी), पहिलंच घर. सासू-सासरे दोघंही सिटिझन, क्लेमेंटीला त्यांचा स्वतःचा एचडीबी (सरकारी गृहनिर्माण मंडळाचा) फ्लॅट. बीटीओसाठी (एचडीबी नवीन बांधून देते तो फ्लॅट) वर्षानुवर्षं थांबायची तयारी नाही आणि क्लेमेंटीतले रिसेलचे भाव बघून डोळे पांढरे होतात, म्हणून बुकित बटोकला शोधतोय, ट्रेनने दोनच स्टेशनं, मध्ये जुरोंग ईस्टला बदलायचं. एक फोर रूम सगळ्यांना आवडलाय.

आता प्रॉक्सिमिटी हाउसिंग ग्रँट, म्हणजे आईवडिलांच्या जवळ घेतलं तर २०,००० डॉलर आणि एकत्र राहिलो तर ३०,०००, हे मला माहितीये. पण ४ किमीच्या आत हवं म्हणतात ते रस्त्याने की कसं? गाडीने जायचं तर मॅपवर ४ च्या बरंच वर दाखवतंय.

दुसरं म्हणजे सासऱ्यांचं अधूनमधून चालू असतं की इथलं विकून कायमचं पुण्याला जाऊ. ते खरंच गेले तर?

आणि तिसरं, सासूबाई म्हणतात त्यांचा विकू, आपण मिळून एक फाइव्ह रूम घेऊ, १०,००० जास्त मिळतील. नवरा लगेच तयार (रोज आईच्या हातची आमटी!). माझं अजून ठरत नाहीये, त्यामुळे हिशोबाने काय परवडतं तेवढं सांगा, बाकीचं आमचं आम्ही घरात भांडून घेऊ.

सेंगकांगवाला:
सरळ रेषेत मोजतात, रस्त्याने नाही. एचडीबीच्या साइटवर दोन्ही पोस्टल कोड टाकले की आत की बाहेर ते कळतं. क्लेमेंटी-बुकित बटोक अगदी काठावरचं प्रकरण आहे, काही ब्लॉक बसतात काही नाही, तेव्हा एरियावर जाऊ नका, प्रत्येक फ्लॅटचा कोड वेगळा टाका. २०१८ च्या आधी तर २ किमी किंवा तेच टाउन असं होतं, तेव्हा तुमचं जमलंच नसतं. आणि एचएफई लेटर (फ्लॅट, ग्रँट, कर्ज यांना तुम्ही पात्र आहात का ते सांगणारं एचडीबीचं पत्र) हातात आल्याशिवाय सेलरकडून ओटीपी (ऑप्शन टू पर्चेस, म्हणजे खरेदीचा हक्क देणारा कागद) घेता येत नाही, त्याचा अर्ज आजच टाका.

जुरोंगची काकू:
अगं, एकत्र घ्यायच्या आधी दुसरी ग्रँट बघ. सीपीएफ (इथला पीएफ) हाउसिंग ग्रँट तुमच्यासारख्या सिटिझन-पीआर जोडप्याला फोर रूमपर्यंत ७०,००० आणि फाइव्ह रूमला ४०,००० आहे, म्हणजे १०,००० च्या मागे जाऊन ३०,००० सोडायचे! वर फाइव्ह रूमची किंमत जास्त ती वेगळीच. मात्र त्या ग्रँटला महिन्याला १४,००० ची इन्कम सीलिंग आहे, त्याच्या वर असाल तर ती मिळतच नाही, मग हा हिशोब सोड. प्रॉक्सिमिटीला सीलिंग नाही.

सासऱ्यांना सांग, पाच वर्षं पुणं विसरा. एमओपी (घेतलेल्या फ्लॅटमध्ये किमान राहायची मुदत) संपेपर्यंत त्यांनी जवळ राहायला हवं ही अट आहे, विकून गेले तर ती मोडली. शिवाय ग्रँट हातात येत नाही, सीपीएफच्या ओएमध्ये (ऑर्डिनरी अकाउंट) जाते आणि पुढे घर विकलं की व्याजासकट परत आपल्याच सीपीएफमध्ये भरायची, त्यामुळे फुकटचे २०,००० असं धरून फर्निचर बुक करू नकोस.

ब्लॉकचा इंडियन कोटा (प्रत्येक ब्लॉकमध्ये कुठल्या वंशाची किती घरं चालतील याची मर्यादा असते) बघितलास का? भरला असेल तर इंडियन सेलरकडूनच घेता येतं.

धागाकर्ती:
काकू, फाइव्ह रूमचा विषय तुमच्या एका पॅराने मिटला, आम्ही १४,००० च्या आतच आहोत. नवऱ्याला वाचायला दिलंय, अजून काही बोलला नाही.

पोस्टल कोड टाकून बघितला, आत बसतंय, थोडक्यात. सेलर चायनीज आहे. कोटा दर महिन्याच्या १ तारखेला अपडेट होतो असं दिसतंय, या महिन्यात जागा आहे. एचएफई यायच्या आत भरला तर दुसरा फ्लॅट शोधण्यावाचून उपाय नाही ना? कुणाचं असं ऐन वेळी अडकलंय का?