खोडदच्या डिशना जाळीऐवजी पत्रा हवा होता का?

तिरकस: नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. १४२० मेगाहर्ट्झला एकीचा गेन, म्हणजे एका दिशेची लहर किती पट एकवटते ते माप, कागदावर साडेछप्पन्न डेसिबल निघतो. प्रत्यक्षात तिथे कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे चार डेसिबल पाण्यात! तारेच्या जाळीवर भागवलं, त्याची ही किंमत. डिश संख्येने कमी असत्या तरी चाललं असतं, पृष्ठभाग चोख हवा होता.

जुन्नरकर: आणि वारा? एवढा पत्रा म्हणजे शीडच उभं केलं की! ही दुर्बीण उभारणारे खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी दोरांवर ताणलेली जाळी वापरली म्हणून सांगाडा हलका राहिला आणि खर्च आवाक्यात आला.

फीडवाला: सगळं खापर जाळीवर कशाला? थोडा हिशेब करू. पृष्ठभाग आदर्श पॅराबोलापासून, म्हणजे लहरी एका बिंदूत आणणाऱ्या वाटीच्या आकारापासून, सरासरी १० मिमी हटलेला धरा. २१ सेंमीच्या, म्हणजे १४२० मेगाहर्ट्झच्या, लहरीला ३० टक्के गेन जातो, पण ३२५ मेगाहर्ट्झला, म्हणजे ९२ सेंमीला, दोन टक्केसुद्धा नाही. डिश तीच, चूक तीच. बाकीचं बरंचसं फीड, म्हणजे डिशच्या फोकसपाशी बसवलेला छोटा अँटेना, खातं. त्याचा झोत, म्हणजे तो डिशचा जेवढा भाग बघतो तो, कडेपर्यंत पूर्ण टाकला तर तो बाहेर सांडतो, आवरला तर कडेचा पृष्ठभाग फुकट. म्हणून कडेला मध्यापेक्षा साधारण दहा डेसिबल कमी, म्हणजे एक दशांश, ठेवतात. हे नुकसान पत्रा लावूनही टळत नाही. शिवाय पत्र्याचं वजन आलं की डिश कलताना आकार बिघडतो. जर्मनीतल्या एफेल्सबर्गची १०० मीटरची डिश वाकूनही पॅराबोलाच राहील अशी बांधलीय, फक्त फोकस सरकतो आणि त्यामागे फीड सरकवतात. ते खर्चिक काम आहे राव.

तिरकस: गेन सोडा, नॉइजचं बोला, म्हणजे संकेतात मिसळणाऱ्या नको त्या खरखरीचं; ती तापमानात, केल्विनमध्ये मोजतात. जाळीतून आणि कडेवरून ३०० केल्विनची जमीन डोकावते. २१ सेंमीला आकाश जवळजवळ थंडगार असतं, तिथे दहा केल्विनही झोंबतात.

जुन्नरकर: २१ सेंमीला, कबूल. पण १५० मेगाहर्ट्झला आकाशगंगाच शेकडो केल्विन ओतते, तिथे जमिनीचे दहा कोण मोजतो? ही दुर्बीण मुळात लांब लहरींसाठी बांधलीय.

तिरकस: मग निदान मधला भाग तरी दाट ठेवायचा!

फीडवाला: ठेवलाय की. मध्ये १० मिमी चौकटींची जाळी, पुढे १५, कडेला २०. कडेला झोत कमी, त्यामुळे तिथली गळती कमी बोचते. वाऱ्याचा रेटा मात्र तिथेच सगळ्यात लांबून डिश पिळतो.