कॅसलरॉक : चार घरांच्या गावात एवढं मोठं यार्ड कशाला?

पणजोबांचा_नातू : नमस्कार मंडळी, माझे पणजोबा एमएसएम (मद्रास अँड सदर्न मराठा) रेल्वेत होते आणि आजोबांचं लहानपण गोव्याच्या हद्दीजवळच्या कॅसलरॉक स्टेशनच्या क्वार्टर्समधे गेलं. आजोबा सांगायचे की गोव्याची गाडी तिथे बराच वेळ थांबायची, लोकांना ट्रंका उघडून दाखवायला लागायच्या. आता मागच्या महिन्यात गोवा एक्सप्रेसने जाताना पहिल्यांदा नीट बघितलं तर सगळीकडे जंगल, गाव एवढंसं, पण यार्ड केवढं! या गावात ना शेतीची जमीन फार ना बाजारपेठ, मग हे गाव वसलं तरी कशामुळे? आजोबा आता नाहीत त्यामुळे विचारायला कोणी नाही. कोणाला माहीत असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

रूळवेडा : दादा, उत्तर घाटात आहे. कॅसलरॉक घाटमाथ्यावर, कुळे पायथ्याशी, मधे साधारण २६ किमीचा ब्रागांझा घाट, चढ १:३७. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलात की १ मीटर वर, रेल्वेसाठी हे भयंकर आहे. कुळ्याहून चढताना मागे बँकर म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं लावल्याशिवाय गाडी वर येत नाही आणि उतरताना तर ब्रेकचंच सगळं काम, म्हणून खाली सोडण्याआधी ब्रेक तपासायचे. मग ड्रायव्हर, फायरमन, गँगमन, पाणी, कोळसा हे सगळं माथ्यावर ठेवायलाच लागायचं की नाही? त्या माणसांच्या क्वार्टर्स म्हणजेच तुमचं गाव.

आणि लाइन का टाकली तर १८७८ला ब्रिटिश आणि पोर्तुगीजांचा करार झाला. मुरगाव बंदर हुबळी धारवाडच्या कापसाच्या मुलखाला जोडायचं, मधली जकात उठवायची, आणि बदल्यात गोव्यातलं मीठ इंग्रजांच्या ताब्यात, त्याचे पोर्तुगीजांना वर्षाला ४ लाख रुपये. मिठागरांवर जगणाऱ्या माणसांचं काय झालं असेल याचं मला फार वाईट वाटतं, रेल्वेच्या इतिहासात त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही. घाटातून लाइन पूर्ण झाली १८८८ला आणि करार संपला १८९२ला! म्हणजे जकात नसलेली रेल्वे जेमतेम चार वर्षं चालली, मग हद्दीवर परत कस्टम. आजोबांच्या ट्रंकांची गोष्ट तिथून सुरू होते. इकडची तपासणी कॅसलरॉकला, पोर्तुगीजांची खाली कुळ्याला.

लोंढ्याची_ताई : रूळवेडा यांनी छान लिहिलंय, थोडी भर घालते. गाव कर्नाटकात, उत्तर कन्नड जिल्ह्यात, जोयडा तालुका, पण हद्द इतकी जवळ की पुढचं करंझोळ स्टेशन गोव्यात. मग दूधसागर, सोनावळी, कुळे. पावसाळ्यात इथे जे काही कोसळतं ते बघितल्याशिवाय कळणार नाही, दरड आली की गाड्या बंद.

एक गोष्ट राहिली, १५ ऑगस्ट १९५५. गोवा मुक्तीच्या सत्याग्रहींच्या तुकड्या ज्या ठिकाणांहून आत गेल्या त्यात कॅसलरॉकपण होतं, नि:शस्त्र माणसं रुळांवरून चालत निघाली आणि पुढून पोर्तुगीजांचा गोळीबार झाला. त्याच वर्षी हद्द ओलांडून गोव्यात जाणारी रेल्वे बंद पडली ती १९६१ला गोवा मुक्त होईपर्यंत. त्या वर्षांत गाव कसं ओस पडलं असेल विचार करा, गाडीवरच जगणारं गाव आणि गाडीच नाही. नंतर गाड्या आल्या पण कस्टम गेलं ते गेलंच. मिरजेपर्यंत ब्रॉडगेज (रुंद रूळ) आणि पुढे मीटर गेज (अरुंद रूळ) होतं तोवर पुण्यामुंबईची माणसं मिरजेला गाडी बदलून यायची, ९०च्या दशकात पुढेही ब्रॉडगेज झालं आणि तेही थांबलं.

पणजोबांचा_नातू : ताई, रूळवेडा, खरंच खूप आभार. ५५ साली आजोबांची बदली झाली होती असं बाबा म्हणायचे, का ते आम्हाला कधीच कळलं नव्हतं, आता बाबांना हे वाचून दाखवतो. दिवाळीनंतर त्यांना घेऊन जायचा विचार आहे, दूधसागरपर्यंत रुळांवरून चालत जाता येतं का?

लोंढ्याची_ताई : नको नको, रुळांवरून चालायला बंदी आहे आणि बोगद्यात गाडी आली तर बाजूला व्हायला जागा मिळेलच असं नाही. लोंढ्याला उतरा आणि गाडी करून कॅसलरॉकला या. बाबांना जुन्या क्वार्टर्सच्या बाजूला नक्की न्या.