लांब हौदा कापणारे 'कसाई' नाहीत! (1968 ची शेव्हरोले सी-10)

ऑस्टिनकर
काल इथे 'जुनं_तेच_सोनं' यांनी लिहिलं की सी-10 पिकअपचा आठ फुटी हौदा (मागचा माल ठेवायचा भाग) कापून साडेसहा फुटी करणारे कसाई आहेत, त्यांना इतिहासाची चाड नाही. 'कसाई' वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

67 ते 72 च्या सी-10 कंपनीनेच दोन मापांत काढल्या. लांब गाडीचा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) 127 इंच, आखूडचा 115. केबिन तीच, दारं तीच, बॉनेट तेच. आखूड गाडी ही आजकालच्या पोरांनी काढलेली टूम नाही. तेव्हा पिकअप घ्यायचे ते शेतकरी, सुतार, प्लंबर. त्यांना माल वाहायचा असायचा, त्यामुळे लांब गाड्या भरपूर उरल्या. आता हौसेने घेणाऱ्याला आखूड हवी असते आणि तिचा भाव चढलेला. पगारावर जगणाऱ्याने काय करायचं? लांब घ्यायची आणि कंपनीच्याच मापावर आणायची.

माझी गाडी गोठ्यामागे उभी होती. हौद्याच्या फळ्या कुजून खालचं गवत दिसत होतं, चाकांवरच्या कमानींची चाळण झालेली. चासी मात्र ठणठणीत. मागचा एक्सल धरणारे दोन लांब आर्म चासीच्या ज्या आडव्या बीमला लागतात, त्या बीमच्या पुढून 12 इंच काढले. म्हणजे बीम, आर्म, स्प्रिंगा, एक्सल सगळं जसंच्या तसं पुढे सरकतं, आपापसातलं अंतर बदलत नाही. मागच्या टोकाचे 8 इंच वेगळे. ग्राइंडर लावायच्या आधी आडवे अँगल टॅक केले (तात्पुरते वेल्ड), चासीचे दोन्ही कर्ण मोजले, जोडल्यावर पुन्हा मोजले. काप सरळ उभा नाही, पायरीचा घेतला आणि आतून पट्टी दिली. शाफ्ट, ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल सगळं नव्या मापाचं. यातली कुठली गोष्ट कसायाची, ते सांगा.

जुनं_तेच_सोनं
तुमचा हौदा गेलेलाच होता, तेवढं मान्य. माझा राग वेगळ्या लोकांवर आहे. पन्नास वर्षं एकाच घरात राहिलेली, मूळ रंगाची, गंजाचा ठिपका नसलेली लांब गाडी घ्यायची आणि महिन्याभरात तिचे तुकडे करायचे! कंपनीने दोन मापं काढली म्हणून एकीची दुसरी करायचा परवाना मिळत नाही. लांब हौदा हीच त्या कष्टकऱ्यांची खूण आहे, आणि तुम्ही नेमकी तीच पुसता.

भारतात हे चाललंच नसतं. 2021 च्या विंटेज नियमांत स्पष्ट आहे: विंटेज नोंदणीसाठी 50 वर्षांवरची गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालणार नाही. नियम असा हवा.

गार्गी_आयोवा
इतिहास राहू द्या, उपयोगाचं बोला. लांब हौद्यात 8 बाय 4 ची प्लाय सपाट बसते आणि फाळका (मागची उघडणारी पाटी) बंद होतो. आमच्याकडे 71 ची आहे, घराचं अर्धं काम तिने ओढलं. कापलेल्या गाडीत फाळका उघडा टाकून, दोरी बांधून, मागे लाल फडकं लावून न्यायचं. पिकअप घेऊन पिकअपचं कामच काढून टाकायचं हे मला कळत नाही.

नाशिकचा_नाना
विंटेज नियमांचं कौतुक करणाऱ्यांनी इकडे यावं. आजोबांची पेट्रोल जीप, मागे हौदा, द्राक्षाच्या पेट्या वाहायची. पेट्रोल परवडेना म्हणून वडिलांनी डिझेल इंजिन टाकलं. आमच्या भागात कुणी टाकलं नाही? आता एका कार्यालयात मला सांगितलं, ही मूळ स्वरूपात नाही, विंटेजमध्ये बसणार नाही. बसली असती तरी काय? 20,000 रुपये फी भरा, दहा वर्षांचा कागद घ्या, आणि रस्त्यावर काढायची ती रॅलीला, प्रदर्शनाला, पेट्रोल भरायला नाहीतर दुरुस्तीला. ज्या गाडीने घर चालवलं ती काचेत ठेवायची?

जुनं_तेच_सोनं
नाना, हळहळ समजते. पण सगळ्यांना सूट दिली तर 'मूळ' म्हणायला उरेल काय? फेरफाराबद्दल तर सुप्रीम कोर्टानेच जानेवारी 2019 मध्ये सांगितलं, नोंदणीपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52.

नाशिकचा_नाना
कलम मला पाठ आहे. वडिलांनी इंजिन टाकलं तेव्हा हे नियम कुठे होते? शेतकऱ्याने पोटासाठी केलेला बदल हाही इतिहासच आहे. तुम्हाला फक्त शोरूममधून निघाली त्या दिवसाचा इतिहास हवा. त्यानंतर ती राबली, ते मोजायचंच नाही!

ऑस्टिनकर
नानांना शंभर टक्के अनुमोदन.

मिरजेचा_फिटर
तुम्ही सगळे कागदांवर भांडताय. लोखंडाकडे कोण बघणार?

भावाच्या टेम्पोची चासी एका गॅरेजवाल्याने कापून वाढवून दिली. उभा काप, वरून जाड पट्टी, पट्टीच्या चारही बाजूंनी वेल्ड. रंग मारून झकास दिसत होतं. ऊस भरून जाताना हौदा एका बाजूला झुकला. खाली वाकून बघितलं तर पट्टी जिथे संपते तिथे, वेल्डच्या अगदी कडेला, खालच्या फ्लँजपासून (चासीच्या उभ्या भागाची दुमडलेली आडवी कड) वर चढत गेलेली चीर. चिरेच्या आतला भाग तांबूस गंजलेला, फक्त वरची दोन बोटं जागा चकाकत होती. म्हणजे चीर कधीची पडलेली होती, त्या दिवशी फक्त पूर्ण झाली. भाऊ वाचला, पण त्यानंतर तो कापलेल्या चासीच्या गाडीत बसलेला नाही.

पट्टीची टोकं निमुळती हवीत, टोकाला फ्लँजच्या आडवा वेल्ड नको, कारण ताण तिथेच साठतो. ऑस्टिनकर, तुमच्या पट्टीची टोकं कशी आहेत?

ऑस्टिनकर
निमुळती. आणि फ्लँजच्या कडेला वेल्ड आणलेलाच नाही, पट्टीत मध्ये भोकं पाडून त्यांत भरलाय. ही गाडी ऊस वाहत नाही, हेही ध्यानात घ्या.

जुनं_तेच_सोनं
तुम्ही नीट केलं असेल, पण तपासलं कुणी? तुमच्या टेक्ससने 1 जानेवारी 2025 पासून खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणीच बंद केली. उद्या ही गाडी विकलीत तर घेणाऱ्याला काय कळणार रंगाखाली काय आहे? त्याची पोरंबाळं बसणार तिच्यात.

ऑस्टिनकर
तपासणी होती तेव्हाही कुणी चासीखाली झोपून वेल्ड बघत नव्हतं. ब्रेक, दिवे, टायर, हॉर्न. मला बेजबाबदार ठरवायची घाई करू नका. दरवेळी तेल बदलताना दोन्ही जोड घासून बघतो. तुमच्या मूळ स्वरूपातल्या गाड्यांचे रिव्हेट तुम्ही शेवटचे कधी ठोकून पाहिलेत?

जुनं_तेच_सोनं
आवाज चढवून मुद्दा मोठा होत नाही.

गार्गी_आयोवा
दोघेही थांबा. जोडाचे फोटो, मापं, पट्टीची जाडी असं सगळं लिहून गाडीच्या कागदांबरोबर ठेवा आणि विकताना पुढच्याला द्या. हे तरी दोघांना पटेल ना?

मिरजेचा_फिटर
बरोबर. आणि रंग मारायच्या आधीचे फोटो. नंतरच्यांना अर्थ नाही.

ऑस्टिनकर
आधीचे आहेत, टाकतो.

जुनं_तेच_सोनं
टाका, बघेन. कुजलेल्या गाडीपुरता माझा शब्द मी सौम्य करतो, धडधाकट गाडीसाठी 'कसाई' कायम. आणि ज्यांना आखूडच हवी त्यांनी आधी आखूडची भंगारातली चासी शोधावी आणि आपली केबिन तिच्यावर चढवावी. लांब चासी मग माझ्यासारख्याला द्या, पैसे मोजून नेईन.

नाशिकचा_नाना
आणि माझ्या जीपचं काय, त्यावर कुणीच बोललं नाही.