प्रतिसाद: पथक कधी येणार यापेक्षा पाणी कधी येणार हे कळू द्या

वर एकांनी लिहिलंय की पूर आला तर राज्याकडे स्वतःचं बचावपथक नाही, पुण्याहून एनडीआरएफ (केंद्राचं आपत्ती पथक) येईपर्यंत बसून राहायचं. तसं नाही. राज्याचं स्वतःचं आपत्ती पथक, एसडीआरएफ आहे, धुळे आणि नागपूरला. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकारी जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात आणि १०७७ हा जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर. तो फोनमध्ये ठेवाच.

पण आपल्या नाशकात खरा प्रश्न पथकाच्या आधीचा आहे. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं हे जाहीर होतं, पण सराफ बाजारातल्या दुकानदाराला त्या आकड्यातून काय कळणार? त्याला दुतोंड्या मारुती कळतो, म्हणजे गोदावरीच्या पात्रातली मारुतीची उंच मूर्ती, जिच्यावरून आम्ही पुराची पातळी मोजतो. गुडघ्याला पाणी, कमरेला पाणी, छातीला लागलं की माल वर चढवायचा. शिवाय गोदावरीला फुगवटा आला की सरस्वती नाल्याचं पाणी मागे फिरतं आणि बाजारात शिरतं. २००८ मध्ये आमच्या दुकानातला तळाचा माल असाच गेला. विसर्गाच्या सूचनेत ‘मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी येईल, अमुक गल्ली रिकामी करा’ असं स्पष्ट सांगितलं, तर माणसं हलतील.

दुसरं म्हणजे निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पट्ट्यात, बांधकाम होऊ देऊ नका. तिसरं, सिंहस्थ कुंभमेळा २०२७ मध्ये आहे. २००३ च्या कुंभमेळ्यातल्या चेंगराचेंगरीत नाशकातच माणसं गेली, त्यामुळे घाटावरच्या गर्दीची आणि विसर्गाची तालीम एकत्रच व्हायला हवी, आणि तीही याच पावसाळ्यात.