एका अनोळखी वाचकाच्या चार ओळींवर किती दिवस लिहायचं?

अर्धविराम:
नऊ वर्षं कविता लिहितेय. आई गेल्यावर तिच्या चष्म्यावर एक लिहिली होती. काचेवर तिच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता आणि मला तो पुसवेना, एवढीच गोष्ट. फेसबुकवर टाकली. सत्तरेक बदाम आले, 'अप्रतिम', 'निःशब्द' आलं. सगळ्यांचे आभार मानले, तरी रात्री रिकामंच वाटत राहिलं. मग बाराव्या दिवशी एका अनोळखी बाईंचा निरोप आला: "तुमच्या शेवटच्या कडव्यात 'पुसायचा राहिला' असं आहे. माझ्याकडे वडिलांचं श्रवणयंत्र आहे. त्यातली बॅटरी मी अजून बदलते."

त्या महिन्यात मी सात कविता लिहिल्या. एरवी वर्षाला जेमतेम तेवढ्या होतात.

आता पाच महिने झाले, वही उघडते आणि दोन ओळींवर अडते. मध्यंतरी एका मासिकाकडून तीन कविता 'साभार परत' आल्या, त्याचं एवढं वाटलं नाही. पण तसाच दुसरा निरोप कधी येतो याची मी वाट बघतेय, हे माझं मलाच कळतंय. वाचकाच्या आधाराने लिहिणं हा कमकुवतपणा आहे का? 'स्वान्तःसुखाय लिहा' असं सगळे सांगतात. मला तेवढं पुरत नाही. तुम्हाला असे वाचक कुठे भेटले?

मात्रावृत्त:
कमकुवतपणा कसला त्यात! स्वान्तःसुखायवाले ज्यांचं नाव हमखास घेतात त्या अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचंच बघा. जवळपास १८०० कविता, हयातीत छापून आल्या त्या दहाच्या आसपास. पण शेजारच्या घरात राहणाऱ्या भावजयीला, सुझनला, त्यांनी अडीचशेच्या आसपास कविता पाठवल्या होत्या. १८६१ मध्ये एका कवितेचं दुसरं कडवं सुझनना पटलं नाही, तर दुसरं लिहून पाठवलं. तेही पटलं नाही. पहिलं कडवं एकटंच पुरेसं आहे, असं सुझननी कळवलं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८६२ मध्ये, डिकिन्सननी हिगिन्सन नावाच्या एका अनोळखी लेखकाला चार कविता पाठवून विचारलं, माझ्या कवितेत जीव आहे का? छापायची घाई करू नका, असा त्यांचा सल्ला. तरी पत्रं चालू राहिली ती १८८६ मध्ये डिकिन्सन जाईपर्यंत. एवढ्या एकांतातल्या कवीलाही विचारावंसं वाटलं, तर आपलं काय घेऊन बसलात.

मी गझल लिहितो. मला वाचक मिळाले ते मी आधी वाचक झालो म्हणून. सहा वर्षांपूर्वी एका कवींना कळवलं, तुमच्या तिसऱ्या शेरात रदीफ (शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारे शब्द) मतल्यापेक्षा, म्हणजे पहिल्या शेरापेक्षा, वेगळ्याच अर्थाने येते आणि मी तिथे दोनदा मागे जाऊन वाचलं. 'छान' लिहिलं असतं तर उत्तर आलं नसतं. आज माझी प्रत्येक गझल आधी त्यांच्याकडे जाते. "इथे एक मात्रा जास्त होतेय" एवढंच कधीकधी येतं. मला ते वाहवापेक्षा जास्त पोचतं.

निव्वळवाचक:
मी कविता लिहीत नाही, त्यामुळे बोलावं की नाही कळेना. एका कवीची कविता चार वर्षं माझ्या पाकिटात आहे. घडीवर कागद फाटला तेव्हा पुन्हा उतरवून घेतली. त्यांना कधी कळवलं नाही. आपल्याला काव्यातलं काय कळतं, आपण काय लिहिणार, असं वाटतं.

तुमच्या सत्तर बदामांत माझ्यासारखे असतीलच. तुम्ही कवितेखाली 'कशी वाटली' विचारू नका. 'तुमच्याकडे अशी कुठली वस्तू आहे' असं विचारून बघा. मत मागितलं की आम्ही गप्प होतो, आठवण मागितली तर बोलतो.

पूर्वा_वाचते:
मला तर ऐकणारा लागतो. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. ज्या ओव्या हाती आल्या त्या सोपानदेवांसारख्या घरच्यांनी ऐकून उतरवून घेतल्या म्हणून. त्या गेल्या १९५१ मध्ये, पुस्तक आलं १९५२ मध्ये. मी कविता मोठ्याने वाचून दाखवते आणि समोरच्याचा चेहरा बघते. कुठे तो निसटला ते लगेच दिसतं.

पण एक सांगायलाच हवं. वडिलांवरची माझी एक कविता खूप लोकांपर्यंत पोचली, आणि पुढच्या वर्षभरात मी तशाच पाच लिहिल्या. दुःख तेच, शेवटही तसाच. पाचवी वाचताना मैत्रीण म्हणाली, "हे तू माझ्यासाठी लिहिलंयस, वडिलांसाठी नाही." ते खरं होतं. चार फाडल्या. तेव्हापासून कच्ची कविता फक्त तिलाच ऐकवते.

अर्धविराम:
सगळ्यांचे प्रतिसाद दोन-दोनदा वाचले. पूर्वा, सातातल्या तीन कविता मी तशाच त्या बाईंना आवडतील म्हणून लिहिल्या होत्या. काल बाजूला काढल्या.

आणि काल त्या बाईंना स्वतःहून लिहिलं. अडलेल्या दोन ओळी पाठवल्या आणि विचारलं, बॅटरी बदलल्यावर यंत्र कानाला लावून बघता का? रात्री उत्तर आलं: "नाही. मुठीत धरते. त्यातून बारीक शीळ येते, म्हणजे चालू आहे."

ही शीळ मला माहीतच नव्हती. कवितेत घेऊ का, असं विचारलंय त्यांना. उत्तर यायचंय.

निव्वळवाचक, त्या कवींना कळवा ना. कागद घडीवर फाटला होता, हेही सांगा.